ग्रंथपालाला ग्रंथपाल म्हणा

महोदय,

आमच्या वाचनालयातल्या ताईंनी बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) केले आहे, तरी सभासद त्यांना ‘पुस्तके देणाऱ्या बाई’च म्हणतात. याचे मला फार वाईट वाटते. पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी धरते, तेव्हा त्याच एकेक पुस्तक कोरड्या फडक्याने पुसून, पाने मोकळी करून पंख्याखाली ठेवतात. पुस्तकांच्या विषयवार वर्गीकरणाचे आकडे त्यांना तोंडपाठ. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने वाचनालयांना मान्यता आणि अनुदान मिळाले, पण कर्मचाऱ्यांचे वेतन त्या तुटपुंज्या अनुदानातच भागवावे लागते. शिक्षण घेतलेल्यांना त्यांचे पदनाम आणि त्याला साजेसे वेतन मिळालेच पाहिजे. निदान कार्यकारी मंडळाने त्यांच्या टेबलावर ‘ग्रंथपाल’ ही पाटी तरी लावावी.

– एक सभासद, देवगड