पाच पुड्या माती आणि तुझा खोकला

नाशिक,
११ डिसेंबर

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

तू मागितलेली माती या पार्सलात आहे. पाच पुड्या, प्रत्येकीत चिठ्ठी. वजन साडेतीन किलो भरलं. कुरियरवाल्याने दोनदा विचारलं, "काका, नक्की मातीच ना?" मी म्हटलं, मुलगी चित्रकार आहे. त्याला त्यातून काय कळलं देव जाणे, पण त्याने पावती फाडली.

परवा फोन ठेवण्याआधी तू तीनदा खोकलीस. मी तेव्हा काही बोललो नाही आणि हे पत्रही त्याबद्दल नाही. मातीबद्दलच लिहायचं ठरवून बसलोय.

पहिली पुडी तांबडी. त्र्यंबक रस्त्याला टेकडी कापलीय, तिथे काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये हातभर जाडीचा लाल पट्टा दिसतो, त्यातली. भूगर्भवाले या लाल थराला 'बोल' म्हणतात. एक लाव्हा येऊन थंड झाला, त्याचा माथा ऊनपावसाने कुजून माती झाली, मग त्यावर पुढचा लाव्हा पसरला आणि खालची माती भाजून निघाली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची भट्टी म्हण. लाली हेमॅटाइटची आहे, म्हणजे लोखंडाच्या गंजाची, त्यामुळे उन्हाने उडायची नाही. दरडीखाली उभा राहून खणली नाही, पायथ्याला पडलेली ढेकळं उचलली. तूही पुढे कुठे माती काढशील तेव्हा पडलेलीच उचल. पावसानंतर असे कडे आतून सुटलेले असतात.

दुसरी पिवळी. आपल्या मागच्या गल्लीत बंगल्याचा पाया खणतायत, तिथला मुरूम. दिसायला भिकार, पण धुतल्यावर मधासारखा रंग निघतो. यातलं लोखंड पाणी धरून असतं म्हणून पिवळं दिसतं. लोखंडी तव्यावर पातळ पसरून मंद आचेवर भाजलीस की साधारण २५० ते ३०० अंशांना ते पाणी निघून जातं आणि पिवळी तांबडी व्हायला लागते. दर पाच मिनिटांनी चमचाभर बाजूला काढत गेलीस तर एकाच मातीच्या सात-आठ छटा मिळतील. तवा वेगळा ठेव, पोळ्यांचा नको. आणि भाजताना खिडकी उघडी. कोरडी, गरम माती उलथन्याने हलवली की जे उडतं ते डोळ्यांना दिसत नाही.

बघ, आलोच मी तिथे.

तिसरी काळी, निफाडच्या मामाच्या शेतातली. हिच्यावर आधी काम करू नकोस, सगळ्यात शेवटी कर, कारण हिच्याइतकी खोडसाळ माती नाही. उन्हाळ्यात शेताला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच भेगा तुझ्या कागदावर पडतील. या मातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आक्रसतात. डिंक वाढवून उपयोग नाही, उलट पापुद्रे उचलतात. पातळ थर दे, वाळू दे, मग दुसरा. किंवा कॉलेजच्या भट्टीत ६०० ते ७०० अंशांपर्यंत भाज. मग फुगण्याचा गुण जातो, मात्र काळा रंगही जातो, विटेसारखी होते. भाजण्याआधी चुनखडीचे पांढरे खडे चाळून काढ. चिमूटभर मातीवर व्हिनेगर टाक, फसफसलं तर चुनखडी राहिलीय. भट्टी ८०० च्या पुढे गेली तर त्या खड्यांचा कळीचा चुना होतो आणि तो महिनाभराने हवेतलं पाणी ओढून फुगतो. तुझ्या चित्रातून फोड फुटतील आणि तुला वाटेल कागद वाईट होता. खरं तर मला भेगाच आवडतात. भेगा हव्या असतील तर ही माती जशी आहे तशी वापर, पण कागदावर नको, लाकडी फळीवर. भेग पडावी म्हणून पाडलेली आणि नाइलाजाने पडलेली, बघणाऱ्याला लगेच कळते.

चौथी पुडी लहान आहे, जेमतेम ५० ग्रॅम. हिरवी. सिन्नरला एका विहिरीचं खोदकाम चाललंय, तिथल्या दगडांच्या ढिगातून दोन दुपारी बसून खरवडलेली. काळ्या दगडात फुगे असतात ना, गारगोट्या सापडतात ते, त्यांना आतून हिरवट सारवण असतं. त्याचं नाव सेलॅडोनाइट. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात तुला नेलं होतं तेव्हा तू स्फटिकांकडे बघायचं सोडून त्या हिरव्या सालीकडे बघत होतीस आणि "हा शेवाळ्याचा दगड आहे का" असं विचारलंस. अजिंठ्याच्या भिंतींवरचा हिरवा याच जातीचा, आपल्याच दख्खनच्या दगडातला. निळा मात्र तिथे लाजवर्दाचा आहे, तो दुरून आणावा लागला. हा हिरवा अंगाने अशक्त असतो, पांढऱ्यात मिसळला की हरवतो. एकटाच वापर, थरावर थर दे. भाजू नकोस, तपकिरी होईल.

पाचवी पुडी गाळाची, नांदूर मधमेश्वरची. तिच्याबद्दल खाली लिहितो.

आता माती धुण्याचं. तुला येतं हे मला माहीत आहे, तरी लिहितो. ढेकळं फोडून रात्रभर बादलीत भिजव. सकाळी ढवळून अर्धा मिनिट थांब, वाळू तळाला बसेल, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओत. तिथे पुन्हा ढवळून या वेळी दोन मिनिटं थांब आणि तिसऱ्या भांड्यात ओत. त्या तिसऱ्या भांड्याला दिवसभर हात लावायचा नाही. वरचं निवळलेलं पाणी काढून टाक, नवं घाल, असं तीनदा, म्हणजे क्षार जातात. नाहीतर वाळलेल्या चित्रावर पांढरी बुरशीसारखी खार येते. मग मलमलीतून गाळून फरशीवर वाळव. किलोभर मुरमातून पाव किलो रंग निघाला तर नशीब समज.

डिंक एक भाग, गरम पाणी दोन भाग, रात्रभर भिजवून गाळायचं. अशा सहा चमच्यांना एक चमचा मध आणि लवंगेच्या तेलाचे दोन थेंब, बुरशीसाठी. आईने लाडवांसाठी ठेवलेला डिंक चालणार नाही. धावड्याचा असला तर पुरता विरघळतच नाही, जेलीसारखा गोळा राहतो. चित्रांसाठीचा डिंक वेगळा घे. खरबरीत केलेल्या काचेवर रंग आणि डिंकपाणी साधारण समसमान घेऊन घोटायचं, खरखर आवाज थांबेपर्यंत. चिकणमातीला डिंक जास्त लागतो. कागदावर पट्टा ओढून वाळू दे. बोट फिरवल्यावर रंग हाताला आला तर डिंक कमी, चकाकला आणि तडकला तर डिंक जास्त. पावसाळ्यात मध निम्मा कर, नाहीतर कागद कागदाला चिकटतील.

यात एक पायरी मी मुद्दाम लिहिली नाही, कोरडं दळणं. ती करायचीच नाही. दिवाळीत तू मिक्सरमध्ये गेरू फिरवलास, झाकण उघडल्यावर स्वयंपाकघरात लाल धुकं झालं, आणि त्यानंतर चार दिवस चटणी कचकचत होती. आई चटणीवरून चिडली. माझं लक्ष तुझ्या छातीकडे होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच: "माती चाळायला बडोद्याला कशाला जायला हवं?" ते मी बोलायला नको होतं.

तू म्हणशील, बाबा, बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या दगडात, फुप्फुसाला घातक अशी मोकळी सिलिका फारशी नसते. बरोबर आहे. पण त्याच्या फुग्यांमधली गारगोटी आणि अकीक म्हणजे सिलिकाच, आणि गाळात कुठला दगड झिजून आलाय हे चमच्यात बघून कळत नाही. शिवाय बाळदमा असलेल्या फुप्फुसाला कुठलीही धूळ धूळच. जे कण नाकात अडकतात ते शिंकेत निघतात. त्रास देतात ते सगळ्यात बारीक, दळल्यानंतर तासन्‌तास हवेत तरंगणारे. त्यांना ओढणी अडवत नाही. एन-९५ मास्क नाकाला घट्ट बसायला हवा, कडेने चष्म्यावर वाफ येत असेल तर तो नीट बसलेला नाही. काम झाल्यावर झाडू नको, पंखा नको, ओल्या फडक्याने पूस आणि फडकं बादलीतच धू. ज्या खोलीत झोपतेस तिथे माती ठेवू नकोस. तू एकाच खोलीत दोन्ही करतेस, हे मला त्या फोटोत दिसलं. चित्र दाखवायला पाठवला होतास, पण मागे उशी होती.

सहा वर्षांची होतीस तेव्हा रात्री दोन वाजता तुला उभं धरून गच्चीवर फिरवायचो. तू धापा टाकत पांडवलेणीच्या डोंगरावरच्या दिव्यांकडे बोट दाखवायचीस आणि विचारायचीस, काळ्यावर काळं कसं काढायचं? श्वास पुरत नव्हता आणि प्रश्न हा.

असो. लेक्चर झालं, माफ कर.

तुझ्या यादीत शेवटी "हरताळ, ५० ग्रॅम" लिहिलं होतं. ते पाठवलेलं नाही आणि पाठवणारही नाही. जुन्या पोथ्यांमधला तो पिवळा सुंदर असतो, कबूल. पण हरताळ म्हणजे आर्सेनिक. हिंगूळ म्हणजे पारा, शेंदूर म्हणजे शिसं. परंपरेत होतं म्हणून घरात आणायचं नसतं. पिवळ्याला दुसऱ्या पुडीतला मुरूम आहे. हळदीचं म्हणशील तर कागदावर हळदीची पट्टी ओढून, अर्धी झाकून दक्षिणेच्या खिडकीत लाव आणि महिन्याने बघ काय उरलंय.

तुझ्या प्रोजेक्टबद्दल. "निसर्गचित्र आता संपलं, निसर्ग हेच साहित्य" हे तुझं वाक्य मला दिवाळीत झोंबलं होतं. चित्रकार शिवाजी तुप्यांपासून आजच्या पोरांपर्यंत या गावाने घाट, देवळं, नदी जलरंगात काढलीत. रामकुंडावर सकाळी सातच्या उन्हात नारोशंकराच्या देवळाचं शिखर आधी उजळतं आणि पायऱ्या निळ्याच राहतात, हे त्या बघण्यातूनच मला दिसायला लागलं. ते संपलंय असं मी म्हणणार नाही. पण तुझंही खोटं नाही. इंग्रज कलाकार रिचर्ड लाँग एव्हन नदीचा चिखल हाताने भिंतीवर थापतो. रॉबर्ट स्मिथसन या अमेरिकन कलाकाराने १९७० मध्ये अमेरिकेतल्या खाऱ्या सरोवरात काळ्या बेसॉल्टचा दीड हजार फुटांचा वळसा घातला, आपल्यासारखाच दगड, आणि पुढे पाणी चढून तो कित्येक वर्षं बुडून राहिला. आणि इतक्या लांब कशाला, वारली चित्रकार जिव्या सोमा मशे गेरू, शेण आणि तांदळाच्या पिठावर सगळं जग उभं करत होते. साहित्य घराच्या भिंतीचंच.

फक्त एक. चित्राखाली "त्र्यंबकची माती, निफाडची माती" लिहिलं की काम झालं असं होत नाही, ती नुसती पाटी झाली. मशांच्या रेषेत बैल चालतो, म्हणून पीठ पीठ राहत नाही. तू गेल्या पावसाळ्यात केलेलं ब्रह्मगिरीचं चित्र मी अजून भिंतीवरून उतरवलेलं नाही, समोरच आहे. ढग आणि डोंगर यांच्या मधली कड तू कोरडी सोडलीस, तेवढ्या पांढऱ्या कागदातून पाऊस पडतो. ती कड हातात असताना नुसत्या पुड्या मांडू नकोस. येणाऱ्या पाहुण्याला मी चहाआधी ते चित्र दाखवतो. आई म्हणते, आधी पाणी तरी विचारा.

आता पाचवी पुडी. गोदावरी आणि कादवा मिळतात तिथे बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साठून पाणथळ झालं, पक्षी आले आणि २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. गाळ बंधाऱ्याच्या खालून, शेतकऱ्याने बांधावर काढून टाकलेल्या ढिगातून घेतलाय, विचारून. रंग ओल्यात जवळजवळ काळा आणि वाळल्यावर राखेसारखा, तेव्हा ओल्या रंगावर विसंबू नकोस, दोन टोन फिका पडतो. पण या नदीत वरच्या गावांचं सगळं येतं, आपल्या नाशिकचं तर येतंच. पहिल्यांदा वीस मिनिटं उकळ, बाहेर, हातमोजे घालून. वास जाईपर्यंत पाणी बदल. लवंगेचं तेल इथे चार थेंब. ही पुडी मी दोन पिशव्यांत बांधलीय. उघडशील तेव्हा आधी वरून पाणी शिंपड, मग हात घाल.

पार्सलच्या तळाला मास्कचा डबा आहे, वीस नग. इनहेलरही आहे, जुन्याची तारीख मार्चमध्येच संपली होती. तो तुझ्या ड्रॉवरमध्ये सापडला. म्हणजे तू तिकडे नेलाच नव्हतास.

पार्सल मिळालं की फोन कर. रात्री नको, सकाळी कर, सकाळी आवाज खरा असतो.

तुझा,
बाबा

ता. क. मिक्सरचं जुनं भांडं मागितलं होतंस, ते पाठवत नाही. त्याऐवजी आजीचा दगडी खल पाठवतोय. त्यात पाणी घातल्याशिवाय बत्ता नीट फिरतच नाही. आजी त्यात सुंठ उगाळून कोणासाठी द्यायची ते तुला आठवत असेल.