नवग्रहांचे धान्य बोर्डिंगच्या कोठीत जाऊ द्या

महोदय,

२९ मार्च २०२५ रोजी शनी मीन राशीत आला आणि मेषेच्या लोकांना साडेसाती लागली. कुंभ आणि मीनवाले त्यात आधीपासून होतेच. तेव्हापासून आमच्या भागात ज्याच्या त्याच्या तोंडी 'शांत करून घ्या' एवढेच. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षे मुक्काम करतो, त्यामुळे हा विषय इतक्यात संपणारा नाही. श्रद्धा ज्याची त्याची. माझ्याही घरी वास्तुशांत झाली, लेकीच्या लग्नाआधी ग्रहमख, म्हणजे नवग्रहांचे हवन, झाला. माझे गाऱ्हाणे शांतीविषयी नाही, तिच्यातल्या दानाचे आपण जे करून ठेवले आहे त्याविषयी आहे.

ग्रहमखाला समिधा ठरलेल्या असतात. रवीला रुई, चंद्राला पळस, मंगळाला खैर, बुधाला आघाडा, गुरूला पिंपळ, शुक्राला औदुंबर, शनीला शमी, राहूला दूर्वा, केतूला दर्भ. त्यात एक काडी कमी पडली तर यजमान महाद्वार रोडला गाडी पिटाळतो. दानाचे धान्यही तसेच ठरलेले आहे: रवीचे गहू, चंद्राचे तांदूळ, मंगळाची मसूर, बुधाचे मूग, गुरूची हरभराडाळ, शनीचे तीळ, उडीद आणि तेल, केतूचे कुळीथ. ही तर वाण्याची महिन्याची यादीच झाली! पण इथे मात्र आपला काटेकोरपणा संपतो. चौरंगावर मूठ मूठ धान्य पडते, त्यावर सुपाऱ्या बसतात आणि दानाची वेळ आली की गुरुजी 'निष्क्रय' म्हणतात, म्हणजे वस्तूऐवजी तिचे मोल. पाकीट द्यायचे, पळीभर पाणी सोडायचे, झाले. चौरंगावरचे हळदकुंकू मिसळलेले धान्य प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पंचगंगेच्या घाटावर जाते.

तेलाची गत त्याहून वाईट. शनिवारी सकाळी कुठल्याही शनी-मारुतीपुढे जरा थांबून बघा. बाटल्यांमागून बाटल्या ओतल्या जातात, तेल मोरीकडे धावते, पायऱ्या इतक्या निसरड्या होतात की म्हातारी माणसे कठड्याला धरून उतरतात. घरी पुरीचे तेल गाळून पुन्हा वापरणारी बाईही इथे डोळे मिटून ओतते.

याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग, म्हणजे वसतिगृह, काढले आणि पुढे एकेका समाजाची बोर्डिंगे उभी राहिली. त्यांतली काही आजही दसरा चौकाच्या आसपास आहेत. चंदगड-भुदरगडकडच्या पोरांना शहरात राहून शिकायचे तर दोन वेळचे ताट हाच मोठा खर्च. नवग्रहांचे धान्य त्या कोठीत का जाऊ नये? चौरंगावर मूठभर ठेवा; पाच-दहा किलो बाजूला कोरडे ठेवून संकल्प त्याचा सोडा. तेलही बंद डब्यातच द्या.

कुणी म्हणेल, शनीचे दान पोरांच्या ताटात? पीडा त्यांच्या माथी? ज्यांना ही शंका आहे त्यांनी गुरूची डाळ आणि बुधाचे मूग तरी द्यावेत, आणि शनीसाठी काळी घोंगडी एखाद्या उघड्यावर झोपणाऱ्याला द्यावी. काळे वस्त्र दानाच्या यादीत आहेच. मला स्वतःला ही शंका पटत नाही. तेच उडीद गुरुजींच्या घरी गेलेले इतकी वर्षे चालले की!

होळीला पोळी आगीत न टाकता दान करायला आणि गणपती नदीऐवजी इराणी खाणीच्या पाण्यात विसर्जित करायला आपण शिकलोच ना? तेव्हाही धर्म बुडाल्याची ओरड झाली होती.

पुरोहित मंडळींना विनंती आहे की यजमानाच्या हातात साहित्याची यादी देतानाच दानाचे धान्य किलोत लिहून द्यावे आणि ते कुठे पोचवायचे हेही सांगावे. आपल्या दैनिकालाही एक सुचवतो: साप्ताहिक राशिभविष्याशेजारी, धान्य स्वीकारणाऱ्या बोर्डिंगांचे पत्ते आणि वेळा छापता येतील का?

– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर