ज्याँ जिरो यांचं नाव राहूनच गेलं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला फ्रेंच विनोदी चित्रपटांवरचा लेख वाचला. फ्रेंच विनोदी नट लुई द फ्युनेस यांच्यावर मराठीत कुणी लिहिलं याचंच अप्रूप वाटलं. लेखात दिग्दर्शक म्हणून मात्र फक्त जेरार उरी भेटले. उरींची थोरवी मान्यच आहे. पण फ्युनेस यांची खरी दीर्घ सोबत दिग्दर्शक ज्याँ जिरो यांची. १९६३ ते १९८२ या काळात दोघांनी मिळून १२ चित्रपट केले. त्या जिरोंचा लेखात साधा उल्लेखही नाही, याचं फार वाईट वाटलं.

पुण्यात मी अकरावी-बारावीला फ्रेंच शिकवत असे. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या तासाला जिरोंचा सां-त्रोपेच्या जांदार्मवरचा, म्हणजे फ्रेंच पोलिसावरचा, पहिला चित्रपट (१९६४) लावायचे. सुरुवात कृष्णधवल. फ्युनेस यांनी रंगवलेल्या जांदार्म क्र्युशोची बदली डोंगरातल्या गावातून समुद्रकाठच्या सां-त्रोपेला होते आणि पडदा रंगीत होतो, तिथे मुलं सावरून बसायची. साहेब जेर्बेर समोर असले की क्र्युशो कमरेत वाकलेला. त्यांची पाठ वळताच हाताखालच्यांवर खेकसणारा. ज्यांना क्रियापदं धड चालवता येत नव्हती, तीही मुलं बाक बडवून हसायची. असा साहेब त्यांनी आईवडिलांबरोबर कुठल्यातरी कचेरीत पाहिलेलाच असे.

समीक्षकांनी जिरोंना फारसं जवळ केलं नाही. मला त्यांचं कसब दिसतं ते चौकटीत. फ्युनेस आणि जेर्बेर झालेले मिशेल गालाब्र्यू पुष्कळदा एकत्र दिसतात, त्यामुळे एकाचा चेहरा बदलला की दुसऱ्याचा कसा बदलतो हे त्याच क्षणी कळतं. ही रंगभूमीची नजर. जिरो-फ्युनेस जोडीचा पहिला चित्रपट 'पुइक-पुइक' हा जिरोंनी झाक व्हिल्फ्रिद यांच्यासह लिहिलेल्या नाटकावरूनच आला. मोलिएरच्या नाटकावरच्या १९८०च्या 'लाव्हार'वर (म्हणजे 'कंजूष') तर दिग्दर्शक म्हणून जिरो आणि फ्युनेस दोघांचीही नावं आहेत. याच नाटकावरून अत्र्यांनी 'कवडीचुंबक' लिहिलं. ते ज्यांनी पाहिलंय, त्यांनी फ्युनेस यांचा कंजूष जरूर पाहावा.

१९७५मध्ये हृदयविकाराच्या झटक्यांनी फ्युनेस यांना गाठलं, पुढे काम कमी झालं. तरीही त्यांचे अखेरचे चारही चित्रपट जिरोंबरोबरचे आहेत. त्यांतल्या शेवटच्याचं चित्रीकरण चालू असतानाच, जुलै १९८२मध्ये जिरो गेले. टोनी आबोयांत्झ यांनी तो पुरा केला. जानेवारी १९८३मध्ये फ्युनेसही गेले.

सां-त्रोपेच्या जांदार्म ठाण्याच्या जुन्या इमारतीत २०१६पासून संग्रहालय आहे. तिथे जाणं मला आता जमणार नाही. तुमच्या पुरवणीत जिरोंवर स्वतंत्र लेख आला, तर मी तो कात्रण काढून जपून ठेवीन.

आपली नम्र,
एक निवृत्त फ्रेंच शिक्षिका, पुणे