चित्र दिसते, लावणी दिसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी मार्चच्या सुमारास जपानच्या सहलींवर लेख येतात आणि ते टोकियो, क्योटो व चेरीच्या बहरापाशी संपतात. उत्तरेकडच्या तोहोकू भागाचा त्यांत उल्लेखही नसतो, याची मला मनापासून खंत वाटते, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी जुलैअखेर मुलीसोबत आओमोरी प्रांतातील इनाकादाते या लहानशा गावी जाण्याचा योग आला. १९८१ साली तेथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची भातखाचरे उत्खननात सापडली. शेतीचा हा वारसा लोकांना दाखवावा म्हणून १९९३ पासून गावकरी जांभळ्या, पिवळ्या, हिरव्या पानांच्या भाताची लावणी करून खाचरातच चित्र उभे करतात. पहिली काही वर्षे जवळच्या इवाकी पर्वताचे साधे चित्र असे. २००३ साली मोनालिसा लावली, तर चित्र पाहायच्या मनोऱ्यावरून ती बेढब दिसली. तेव्हापासून पाहणाऱ्याच्या नजरेचा कोन धरून आराखडा काढतात. २००८ साली चित्राखाली जाहिरात लावली गेली, तेव्हा वाद होऊन ती रोपे उपटण्यात आली. मनोऱ्यावरून चित्र पाहून आम्ही खाली बांधावर गेलो, तर चित्र नाहीसे झालेले. समोर फक्त भात, गुडघाभर, आणि जांभळ्या रोपांच्या चुडाला खेटून हिरवा चूड. रत्नागिरीच्या आमच्या खाचरात तरवा, म्हणजे लावणीची रोपे, काढणाऱ्या आईची त्या क्षणी फार आठवण झाली.

आकिता प्रांतात ओगा द्वीपकल्पावर वर्षाच्या शेवटच्या रात्री मुखवटे आणि पेंढ्याचे झगे घातलेले ‘नामाहागे’ घरोघरी येऊन आळशी, रडक्या मुलांना दरडावतात आणि यजमान त्यांचा पाहुणचार करतो. झग्यातून गळलेली काडी शुभ मानतात. २०१८ मध्ये युनेस्कोने या प्रथेला इतर अशाच प्रथांसह अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. कोकणच्या शिमग्यात मुखवटा घालून येणारा संकासूर पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मात्र यादीत नाव आले म्हणून मुखवटा चढवणारा तरुण मिळतोच असे नाही. इवाते प्रांतातील कोकुसेकिजी मंदिराचा, हजार वर्षांहून जुना मानला जाणारा सोमिन उत्सव फेब्रुवारी २०२४ मध्ये शेवटचा झाला. पाहणाऱ्यांची वाण नव्हती. तयारी करणारी मंडळी म्हातारी झाली आणि पुढचे हात उरले नाहीत. तेथील मुले टोकियोकडे गेली, आमच्या वाडीतली परळ-लालबागला आली. पालखी नाचवायला माणसे हवीत म्हणून दर शिमग्याला मुंबईत फोन येतात, तो काय प्रकार आहे हे प्रत्येक चाकरमान्याला ठाऊक आहे.

म्हणून माझी विनंती आहे की, पुरवणीत तोहोकूविषयी लिहिताना बहराच्या तारखांबरोबर या लावणीच्या आणि उत्सवांच्या मागच्या कामाविषयीही लिहावे. इनाकादातेत लावणीला आणि कापणीला बाहेरून माणसे येऊन चिखलात उतरतात. आपल्या सहल कंपन्यांनीही ते दिवस धरून सहली आखाव्यात. कोकणातल्या पावसाळी सहली धबधब्यापाशी थांबतात. त्यांना एक दिवस एखाद्या खाचरात, मालकाला योग्य मोबदला देऊन, लावणीसाठी उतरवता येईल. यंदा आषाढात आमच्या पडीक खाचरापैकी एक पुन्हा लावायचे ठरले आहे, आणि मुलगी रजा घेऊन येणार आहे.

आपली,
एक वाचक, परळ, मुंबई