विषय: इंजिनच्या आवाजाचे चुकीचे निदान आणि अनावश्यक दुरुस्तीचे अंदाजपत्रक

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी रावेर तालुक्यातील केळी उत्पादक असून आपल्या कंपनीची पेट्रोल गाडी चार वर्षांपासून वापरतो. गेल्या महिन्यापासून सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू केली की बॉनेटखालून घरघर येई आणि इंजिन तापल्यावर ती जवळजवळ थांबे. ही गोष्ट मी जळगाव येथील आपल्या अधिकृत सेवा केंद्रात जॉब कार्डावर लिहून घेतली होती. तरीही गाडी भर दुपारी, उन्हात तापलेली असताना सुरू करून पाहण्यात आली आणि चार दिवसांनी टायमिंग चेन (इंजिनच्या झडपांची उघडझाप वेळेवर ठेवणारी आतली साखळी) सैल झाल्याचे सांगून इंजिन खोलण्यासाठी ३८,५०० रुपयांचे अंदाजपत्रक माझ्या हाती देण्यात आले. वॉरंटी संपलेली असल्याने हा खर्च माझ्याच अंगावर पडणार होता.

विहिरीवरच्या मोटारीचे बेअरिंग गेल्याचा आवाज माझ्या कानाला चांगला ठाऊक आहे, म्हणून होकार देण्याआधी मी घरीच शोध घेतला. ऑइलची पातळी बरोबर होती. इंजिन चालू ठेवून, फिरत्या भागांपासून हात दूर राखत, लांब पेचकसाचे टोक एकेका स्थिर भागाला लावले आणि त्याची मूठ कानामागच्या हाडाला टेकवली. टायमिंग चेनवरचे कव्हर शांत होते. आयडलर पुलीच्या, म्हणजे इंजिनच्या बाहेरच्या बेल्टला वाट देणाऱ्या चाकाच्या, बोल्टवर मात्र घरघर थेट कवटीत शिरली. नंतर इंजिन बंद करून बाहेरचा बेल्ट काढला आणि, इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर चालत असल्यामुळे, गाडी अर्ध्या मिनिटापेक्षाही कमी वेळ सुरू केली. आवाज पूर्ण बंद! टायमिंग चेन इंजिनच्या आत असते आणि हा बेल्ट काढला तरी फिरतच राहते. दोष तिच्यात असता तर आवाज तसाच राहिला असता. पुली हाताने फिरवताना आत वाळू अडकल्यासारखी खरखर बोटांना जाणवली. ८५० रुपयांची नवी पुली बसवल्यापासून आज बारा दिवस झाले, गाडी सकाळीही निमूट सुरू होते.

जे मला अंगणात अर्ध्या तासात सापडले, ते आपल्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यांना चार दिवसांत सापडू नये, याचे मला मनापासून दुःख आहे. इंजिन वाटेत बंद पडेल या धास्तीने त्या काळात मी आजारी आईला दोनदा एसटीने जळगावच्या दवाखान्यात नेले.

तपासणीपोटी घेतलेले १,२०० रुपये परत करावेत आणि टायमिंग चेनचा निष्कर्ष कोणत्या चाचण्यांवरून काढला हे लेखी कळवावे, ही विनंती. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे सेवेतील त्रुटीची तक्रार करणे मला भाग पडेल. जॉब कार्ड, अंदाजपत्रक व पावत्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. जुनी पुली मी जपून ठेवली असून आपला प्रतिनिधी ती केव्हाही फिरवून पाहू शकतो.

आपला विश्वासू,
एक वाहनधारक, ता. रावेर, जि. जळगाव