तांब्यासाठी टेपरेकॉर्डर फोडू नका

संपादक महोदय,

रविवारी लक्ष्मीपुरीच्या बाजारात पोतं अंथरून जुनं सामान मांडणाऱ्यांकडे मी सकाळीच जातो. गेल्या महिन्यात तिथं ३०० रुपयांना कॅसेट डेक मिळाला. मोटर फिरायची, पण चाकं फिरायची नाहीत. आतला रबरी बेल्ट सैल पडला होता. ४० रुपयांचा नवा घातला, टेप वाचणारं हेड स्पिरिटनं पुसलं आणि आईच्या ओव्यांची कॅसेट २० वर्षांनी वाजली. सगळं घर गप्प बसून ऐकत होतं.

त्याच रांगेत एक चांगला अ‍ॅम्प्लिफायर ट्रान्सफॉर्मरच्या तांब्यासाठी फोडलेला बघितला आणि जीव तुटला. हातात किती येणार, तर किलोच्या भावानं थोडे रुपये!

घेणाऱ्यांनाही सांगतो, जुना वॉल्व्हचा रेडिओ आणल्या आणल्या प्लग लावू नका, आतले कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे भाग, आधी तपासून घ्या. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या ग्रामोफोन तबकडीला एलपीची, म्हणजे नंतरच्या लाँग-प्ले तबकडीची, सुई चालत नाही, कारण जुन्या तबकडीची खाच रुंद असते. गवई अल्लादियाखाँसाहेबांच्या या गावात माळ्यावर अशा तबकड्या अजून असतील. महापालिकेनं ई-कचरा गोळा करताना दुरुस्त होण्याजोगी यंत्रं वेगळी काढावीत. तपासून द्यायला मी रविवारी दोन तास विनामोबदला येईन.

– एक निवृत्त रेडिओ मेकॅनिक, शिवाजी पेठ, कोल्हापूर