झाबवालाबाई परक्या कशा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साहित्यकृतींवरून निघालेल्या चित्रपटांवरचा लेख गेल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. मर्चंट-आयव्हरी या चित्रपट काढणाऱ्या जोडीचं नाव त्यात चार वेळा आलं. त्यांच्या वीसेक चित्रपटांच्या पटकथा जिनं लिहिल्या, त्या रुथ प्रॉवर झाबवाला यांचं एकदाही नाही. म्हणून हे पत्र.

१९७९ साली लग्न होऊन मी सोलापुरात आले. हे एका खासगी महाविद्यालयात तात्पुरते अध्यापक. पगार दोन-दोन महिने थकायचा. घरमालक खालीच राहायचे. ‘भाडं पुढच्या महिन्यात देतो’ एवढंच सांगायला हे जिना उतरायचे आणि नळाच्या पाण्याविषयी बोलून परत यायचे. त्याच सुमारास वाचनालयातून झाबवालाबाईंची ‘द हाउसहोल्डर’ ही कादंबरी हाती लागली. दिल्लीतल्या खासगी कॉलेजात हिंदी शिकवणारा प्रेम नावाचा तरुण, नुकतं लग्न झालेलं, बायको गरोदर. पगार वाढवून मागायचा आहे, भाडं कमी करून मागायचं आहे, आणि ऐनवेळी जीभ रेटत नाही. तो भाग मी ह्यांना वाचून दाखवला. बराच वेळ हे काही बोललेच नाहीत.

हे लिहिणारी बाई जर्मनीतल्या कोलोनची. १९२७ चा जन्म, ज्यू कुटुंब. १९३९ मध्ये हे कुटुंब जीव वाचवून इंग्लंडला गेलं. मागे राहिलेले नातेवाईक मारले गेल्याचं कळल्यावर वडिलांनी १९४८ मध्ये आत्महत्या केली. १९५१ मध्ये सायरस झाबवाला या पारशी वास्तुविशारदाशी लग्न करून त्या दिल्लीत आल्या आणि जवळजवळ पंचवीस वर्षं राहिल्या. तीन मुली त्यांनी तिथेच वाढवल्या. ‘हीट अँड डस्ट’ या त्यांच्या कादंबरीला १९७५ चं बुकर पारितोषिक मिळालं, तेव्हा परकी बाई आपल्याला नावं ठेवते अशी टीका आपल्याकडे झाली. त्यांच्या कथांमधले बुवा-स्वामी मलाही पुढेपुढे एकसुरी वाटतात. पण भाडं मागायला येणाऱ्याची पावलं जिन्यावर वाजली की घरात काय होतं, हे त्यांना ठाऊक होतं. ते लांबून बघून कळत नाही.

‘द हाउसहोल्डर’वर चित्रपट काढायचा म्हणून मर्चंट-आयव्हरीतल्या इस्माईल मर्चंट यांनी फोन केला, तर बाईंनी आपण सासूबाई बोलतोय असं भासवलं! तरी अखेर पटकथा त्यांनीच लिहिली. १९६३ च्या त्या चित्रपटात शशी कपूर आणि लीला नायडू आहेत, आणि प्रेमची आई झाल्या आहेत आपल्या दुर्गाबाई खोटे. मराठी माणसाला एवढा धागा पुरे व्हावा. पुढे बाई न्यूयॉर्कला गेल्या. ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ आणि ‘हॉवर्ड्स एंड’च्या पटकथांना ऑस्कर मिळालं. बुकर आणि ऑस्कर दोन्ही मिळवणाऱ्या त्या एकट्याच. २०१३ मध्ये त्या न्यूयॉर्कलाच वारल्या.

७ मे २०२७ रोजी त्यांच्या जन्माला शंभर वर्षं होतात. त्या आठवड्याच्या पुरवणीतलं एक पान त्यांच्यासाठी राखून ठेवावं. ‘द हाउसहोल्डर’ ही कादंबरी आणि तिची पटकथा शेजारी ठेवून, काय गाळलं, काय राखलं, हे कुणा जाणकाराकडून लिहून घ्यावं. दुर्गाबाईंच्या प्रसंगांपासून सुरुवात केली तरी चालेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर